फाल्गुन कृष्ण पंचमीचं शुद्धिपत्र

३ ऑक्टोबर १९९४, सोमवार. फरीदाबाद

आज ऑफिसला जायचं नाही, हे डबा भरून झाल्यावर आठवलं. मग तोही श्रीरंगलाच दिला. नवरा एरवी माझ्या भाजीला नावं ठेवतो, आज दोन डबे घेऊन मुकाट्याने कारखान्यात गेला.

बावीस वर्षं मी दिल्लीतल्या एका लघुउद्योग संशोधन संस्थेची ग्रंथपाल आहे. गेल्या महिन्यात नव्या संचालकांनी ग्रंथालय भांडार विभागात विलीन केलं. म्हणजे नियतकालिकं आणि फिनेलचे डबे एकाच खोलीत, आणि दोन्हींची नोंद मी ठेवायची. “मॅडम, अब सबको अपने पैरों पर खड़ा होना है, लायब्ररी को भी,” असं ते म्हणाले. उदारीकरण आल्यापासून हे वाक्य दिल्लीत रोज कुणीतरी कुणाला तरी ऐकवतंच. मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. ती इतक्या चटकन मंजूर झाली की मला जरा रागच आला. ३ एप्रिलला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. काय ते पंधरा मार्चपर्यंत लेखी कळवायचं.

लहान कारखाने का चालतात, का बुडतात, यावरचे शेकडो अभ्यास मी वाचले, त्यांची कार्डं केली, ओळीने लावली. बावीस वर्षांत एकही कारखानदार ते बघायला आला नाही. यायचे ते पीएच.डी.चे विद्यार्थी, आणि एक गृहस्थ, जे उन्हाळ्यात पंख्याखाली बसायला यायचे. आणि इथे फरीदाबादला आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर हजारो लहान कारखाने आहेत. तेव्हा ठरवलं आहे, की दर पंधरवड्याला चार पानांचं हिंदी पत्रक काढायचं. अभ्यास, नवे नियम, कोणाला काय हवंय, सगळं त्यात, वर्षभराची वर्गणी घेऊन. हा धंदा नाही. ग्रंथपालाचंच काम, फक्त खोलीबाहेर.

जमेल का, माहीत नाही. त्या फिनेलच्या खोलीत मला परत जायचं नाही, एवढंच नक्की माहीत आहे.

९ ऑक्टोबर

नाव ठरलं: ‘कतरन’. मी ‘कात्रण’ म्हणत होते. तनया म्हणाली, “आई, कात्रण म्हणजे कतरन ना? मग तसंच बोल ना यार.” अकरावीतली मुलगी आईला यार म्हणते. पण नाव चांगलं आहे.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला अंक. पहाडगंजला मराठी शाळेच्या मागच्या गल्लीत विठ्ठलरावांचा छापखाना आहे, तिथे छापला. विठ्ठलराव मूळचे साताऱ्याचे, चाळीस वर्षं दिल्लीत. प्रूफ ते स्वतः वाचतात आणि वाचताना मान हलवतात. ती पसंतीची की मानेच्या दुखण्याची, हे अजून कळलेलं नाही.

पाच अभ्यासांचे सारांश, प्रत्येकाला क्रमांक, खाली संदर्भ. देखणा झालाय. प्रती घेऊन इथल्या कारखानदार संघटनेच्या ऑफिसात गेले. अध्यक्ष लाला किशोरीलाल गर्ग. सत्तरीचे, पांढरं धोतर, नटबोल्टचा कारखाना. त्यांनी अंक हातावर तोलला आणि विचारलं, “बहनजी, इश्तिहार किसका है इसमें?” मी म्हटलं, जाहिरात कुणाचीच नाही. त्यांनी आदराने मान डोलावली आणि अंकावर चहाचा ग्लास ठेवला.

२ डिसेंबर

कुणीही वाचलेलं नाही.

आज सेक्टर चोवीसमध्ये फिरले. सहा ठिकाणी अंक होता तिथेच पडलेला, दोन ठिकाणी त्यात स्क्रू बांधलेले. शेवटी पौलोस यांच्याकडे गेले. ते केरळचे, साचे बनवतात, कारखान्यात ते धरून पाच माणसं. त्यांनी अंक खरंच वाचला होता, पण ते ऐकून बरं वाटायच्या आत म्हणाले, “मॅडम, यह प्रोफेसर लोग के लिए है. हमारा आदमी खड़ा-खड़ा पढ़ता है, एक हाथ में पाना.”

मला राग आला. मी विचारलं, मग तुम्हाला काय वाचायला आवडेल? ते म्हणाले, आवडायचं माहीत नाही, पण एक विचारायचंय. नवं काम हातात आलं की पहिल्या आठवड्यात नेहमी गोंधळ होतो. बाकीचे लोक त्या आठवड्यात काय करतात? कुणी लिहून ठेवलंय का?

लिहून ठेवलंय की. तीस कारखान्यांचा अभ्यास, पान ४१. बावीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. घरी येऊन चप्पल न काढताच बुटांच्या खोक्यातलं कार्ड काढलं. (कार्डांच्या नकला मी घरी ठेवल्या आहेत. संचालकांना ठाऊक नाही.)

१६ डिसेंबर

अंक तिसरा. सारांश बंद. वाचकांनी विचारायचं, मी शोधून उत्तर द्यायचं, सहा ओळींत, पाना हातात असलेल्या माणसाला कळेल असं. सतरा प्रश्न आले. वर्गणीदार बासष्ट.

१२ जानेवारी १९९५, गुरुवार

धुकं. शटल गाडी दोन तास उशिरा, पहाडगंजला पोचेपर्यंत विठ्ठलराव जेवायला बसले होते.

वर्गणीदार एकशे अठरा. प्रत्येकाचं मी कार्ड केलंय: नाव, पत्ता, काय बनवतात, मूळ गाव कुठलं. मूळ गाव कशाला, असं श्रीरंग विचारतो. कार्डात जागा होती म्हणून, आणि लोकांना ते सांगायला आवडतं म्हणून.

मी मनाशी ठरवलंय, पंधरा मार्चपर्यंत दोनशे झाले तर राजीनामा, नाहीतर फिनेल. श्रीरंग म्हणाला, “दोनशेच का? कुठल्या अभ्यासात आहे?” कुठल्याच नाही. रस्ता ओलांडायचा तर कुठेतरी पाऊल टाकावंच लागतं.

३१ जानेवारी

मोठी बातमी मिळाली. संघटनेने सगळ्यांसाठी सामाईक तपासणी-कक्ष बांधला आहे. गेज, मापं, कडकपणा मोजायचं यंत्र. त्याच्या उद्घाटनाला गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे खरेदी अधिकारी येणार आहेत. मानेसरच्या बाजूला नव्या जमिनी घेतल्या जातायत, तिकडच्या कामासाठी त्यांना नवे पुरवठादार हवे आहेत. त्या दिवशी नमुने घेऊन येईल त्याचा नमुना बघणार, संघटनेचा सभासद असो नसो. त्यातून यादी करणार. पुढची यादी दोन वर्षांनी.

लालाजींच्या मुनीमांनी हाताने लिहिलेली सूचना दिली. त्यात तारीख नाही, पंडितजींनी काढून दिलेला मुहूर्त आहे: फाल्गुन कृष्ण पंचमी, सकाळी अकरा. मी हसले. पौलोसना काय कळणार पंचमी? मला मात्र पंचांग उघडायचीही गरज नव्हती, फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे आपली रंगपंचमी. तरी सवयीने पुण्याहून भावाने पाठवलेल्या कॅलेंडरात बघितलं: २१ मार्च, मंगळवार. पहिल्या पानावर चौकटीत टाकलं. प्रूफ वाचताना विठ्ठलरावही म्हणाले, “रंगपंचमी, बरोबर.” म्हणजे लोकांना तयारीला सात आठवडे. बातमी अशी द्यावी, नुसती तिथी फेकून काय उपयोग.

१५ फेब्रुवारी

अंक टपालात पडला. पान एकवर पुन्हा चौकट: ‘२१ मार्च न भूलें’. वर्गणीदार एकशे त्रेसष्ट. पौलोसनी खास पोलाद मागवलंय, पंधरा मार्चपर्यंत नमुना तयार होईल म्हणाले. आज मला फार बरं वाटतंय. असं लिहून ठेवू नये, पण वाटतंय.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

क्रमाने लिहिते.

संध्याकाळी भाजी घेऊन येताना खालच्या मजल्यावरच्या शर्मा भाभी म्हणाल्या, “लो जी, आज से फागुन लग गया.” मी म्हटलं, कुठला, अजून पंधरा दिवस आहेत, माघ चालू आहे. त्या म्हणाल्या, “माघ तो कल पूर्णिमा को खतम हो गया. अब शिवरात्रि फागुन में ही तो आती है.” बिचाऱ्यांचं काहीतरी चुकतंय, असं वाटून मी हसून जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर माझे पाय थांबले.

आपल्याकडे महाशिवरात्र माघात. यांची फाल्गुनात. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात इकडचा एक महिना पुढे. म्हणजे लालाजींची फाल्गुन कृष्ण पंचमी ही आपली माघ वद्य पंचमी. म्हणजे २१ मार्च नाही. २० फेब्रुवारी. येता सोमवार.

मला हे माहीत होतं. बावीस वर्षं इथे राहून कुणाला माहीत नसतं? इकडचा श्रावण पंधरा दिवस आधी सुरू होतो म्हणून दरवर्षी आम्ही थट्टा करतो. मीच छापलं, विठ्ठलरावांनी वाचलं, श्रीरंगने घरी बघितलं. तीन मराठी माणसांनी रंगपंचमीवर मान डोलावली आणि तिघांनाही सुचलं नाही. आणि कंपनीच्या लोकांना इंग्रजी तारीखच दिली असणार. ती लालाजींना विचारायला किती वेळ लागला असता?

श्रीरंग म्हणाला, “सगळे इथलेच तर आहेत. तिथी त्यांना कळते. शांत हो.” मी कार्डांची खोकी काढली आणि मूळ गावाप्रमाणे वेगळी केली. हरियाणा, यूपी, राजस्थान, पंजाब: ब्याण्णव. त्यांना कळेल. उरलेले एकाहत्तर. केरळ, तामिळनाडू, बंगाल, आंध्र, ओरिसा, गुजरात, आपले महाराष्ट्रातले नऊ. यांना बातमी सांगणारं इथे माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मी त्यांना महिन्याने उशिरा बोलावलंय.

श्रीरंगने दुसरा मार्ग सुचवला. “कळव, की कार्यक्रम अलीकडे आला. तुझी चूक होती हे कशाला सांगायचं? त्यांना तारखेशी मतलब.” मी खरं लिहिते, मला ते पटलं. चांगली पाच मिनिटं पटलं. पत्रकाकडे विश्वासाशिवाय दुसरं आहे काय, आणि तो मी आपल्या हाताने घालवू? मग वाटलं, उद्या लालाजींकडे कुणी बोलेल, की बदल कसला, मुहूर्त पहिल्यापासून हाच होता. पण तेही खरं कारण नाही. पुस्तकात चूक सापडली की प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवायचं, हे मी इतकी वर्षं केलंय. आता स्वतःच्या वेळी कसं बदलू?

मजकूर लिहिला. “२१ मार्च गलत छपा है. सही तारीख २० फरवरी, सोमवार, सुबह ११ बजे. गलती हमारी है, संघ की नहीं. वैजयंती, संपादक.” तनयाने सुवाच्य अक्षरात उतरवलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

श्रीरंगने रजा टाकली. हा माणूस स्वतःच्या बहिणीच्या लग्नालाही अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेला होता. स्कूटरवर तो पुढे, मी मागे, मांडीवर खोकं. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना तनया पीसीओवरून कळवते आहे.

सुरुवात लालाजींपासून केली, कारण तिथे जायची सर्वांत जास्त लाज वाटत होती. त्यांनी चिठ्ठी हात लांब धरून वाचली आणि पोट धरून हसले. “बहनजी, तिथि तो हमें मालूम थी. तारीख हमने पढ़ी ही नहीं.” म्हणजे त्यांनी अंकच वाचला नव्हता, कधीच. तीन महिने ग्लासाखाली ठेवत होते. आज मात्र त्याचं वाईट वाटायला सवड नव्हती.

भौमिक म्हणून बंगाली गृहस्थ आहेत, रबराचे वॉशर करतात. त्यांनी चिठ्ठी वाचून मला पाणी दिलं आणि माझ्यासमोरच माणसांना हाका मारायला लागले. नाशिकचे दामू जाधव म्हणाले, “ताई, मीही रंगपंचमीच समजलो असतो.” त्यांचं हे बोलणं ऐकून मला स्कूटरवर रडू आलं. श्रीरंगला पाठीमागचं दिसत नाही, ते बरं.

पौलोस यांनी यंत्र थांबवलं. चिठ्ठी दोनदा वाचली, घडी केली. “मैंने आपका डेट देखकर प्लान बनाया, मॅडम. लालाजी का डेट पूछा ही नहीं. आप पर भरोसा था.” एवढंच. साचा अर्धाच कापलेला यंत्रावर बसलेला होता. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि यंत्र सुरू केलं.

एकोणचाळीस झाले. बत्तीस राहिले.

१९ फेब्रुवारी, रविवार

एकाहत्तरपैकी अडुसष्ट. दोघे गावी गेलेत, एकाने कारखानाच विकला.

दुपारी पुन्हा पौलोसकडे गेले. कशाला, ते सांगता येणार नाही. शटर अर्धं खाली, आत पाचही माणसं कामात. ते म्हणाले, उद्यापर्यंत पूर्ण होणार नाही, दोन दिवस कमी पडतात. मग हात पुसून म्हणाले, “एक क्वेश्चन है. छापने के लिए नहीं.” प्रश्न असा, की नमुना अपुरा असेल तर खरेदी करणारा माणूस काय बघतो?

मी म्हटलं, थांबा. श्रीरंगला स्कूटर काढायला लावली, घरी आले, तिसरं खोकं, ‘पुरवठादार निवड’. अकरा कार्डं. त्यातल्या एका अभ्यासात खरेदी अधिकाऱ्यांनाच विचारलं होतं. पूर्ण पण मापांची नोंद नसलेल्या नमुन्यापेक्षा, अपुरा पण प्रत्येक टप्प्याचं खरं माप लिहून ठेवलेला नमुना त्यांतल्या बहुतेकांनी वर लावला. चुकलेलं मापही खोडलेलं नसावं, चुकलं म्हणून लिहिलेलं असावं. अर्ध्या तासात परत जाऊन वाचून दाखवलं. पौलोस ड्रॉवरमधून वही काढून मापं उतरवायला बसले.

मग वाटलं, हे एकट्या त्यांनाच का? चार वाजल्यापासून सातपर्यंत जितके गाठता आले तितक्यांना सांगितलं. पन्नासेक तरी झाले असतील. आवाज पार बसलाय.

२० फेब्रुवारी, सोमवार. फाल्गुन कृष्ण पंचमी (इकडची)

सविस्तर लिहायचंय.

साडेदहाला पोचलो तर मांडवात लालाजींची नेहमीची मंडळी खुर्च्यांवर, हार, पंडितजी, बर्फी. आणि मागे भिंतीलगत उभी दुसरी रांग. माझी माणसं. हातात फडक्यात गुंडाळलेले नमुने, काखेत वह्या. मी मोजायला लागले आणि पन्नासाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मुनीमजी लालाजींना म्हणत होते, “ये सब कौन हैं जी? अपने यहाँ के तो नहीं लगते.” लालाजी म्हणाले, “बहनजी के हैं.”

कंपनीचे तिघे आले. मुख्य अधिकारी बारीक, चष्मेवाले, भाषणाला उभेही राहिले नाहीत, सरळ टेबलाशी जाऊन बसले. पुढच्या रांगेतले नमुने चकाचक होते. ते उलटसुलट बघून ते प्रत्येकाला एकच विचारत, “मेज़रमेंट रिकॉर्ड?” आणि बरेच जण एकमेकांकडे बघत. मग पौलोस गेले. अर्धवट साचा टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. पौलोसनी वही उघडून पुढे सरकवली. ते वाचत गेले, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, “यह गलत निकला था?” पौलोस म्हणाले, “हां सर. इसलिए लिखा.” अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि सोबतच्या माणसाला जवळ बोलावून ते पान दाखवलं.

यादी दुपारी अडीचला लागली. अठरा नावं. अकरा माझ्या खोक्यातली. पौलोस तिसरे, भौमिक सातवे, दामू जाधव बारावे. दामूने सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला, मी मागे सरता सरता बर्फीच्या ताटावर आपटले. पौलोस लांबूनच बघत होते. जाताना जवळ आले आणि म्हणाले, “मॅडम, गलती आप घर तक आकर बोला. बड़ा कंपनी भी नहीं बोलता.” मी काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुधा ‘हो’ म्हटलं, मराठीत.

आनंदाने छाती भरून येणं म्हणजे काय, ते आज समजलं.

४ मार्च

वर्गणीदार दोनशे सदतीस. रोज माणसं घरी येतायत. शर्मा भाभी त्यांना जिना दाखवून दमल्या. चांगली बातमी दिली म्हणून येतात म्हणावं तर बातमी मी चुकीची दिली होती. लोकांचं डोकं मला समजत नाही.

लालाजींनी रीतसर वर्गणी भरली. आता मुनीमजी रोज अकराच्या चहाला अंक मोठ्याने वाचतात. पुढच्या सभेची सूचना पाठवली, त्यात तिथी, आणि खाली लालाजींच्या हातचं: “तारीख आप मुझसे पूछकर डालें.”

८ मार्च

एका वाचकाचा प्रश्न: खरा उद्योजक कसा ओळखावा? तीन अभ्यास काढले. उत्तर असं झालं: जो पक्की जागा सोडतो, गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकून आपला माल बदलतो, चूक झाली की स्वतः धावतो, आणि अपुऱ्या माहितीवर पाऊल टाकतो. जेवताना वाचून दाखवलं. श्रीरंगला हसताना ठसका लागला. तनया म्हणाली, “आई, तू पण ना.” दोघांनीही कारण सांगितलं नाही. उत्तर मला तरी नीट वाटतंय. अशा एखाद्या माणसाला जवळून बघायला मिळालं पाहिजे.

१४ मार्च, मंगळवार

संचालकांनी बोलावलं होतं. पाच महिन्यांनी त्या इमारतीत गेले. फिनेलचा वास जिन्यापासूनच.

मी राजीनामा घेऊन गेले होते, पण त्यांनी आधी चहा मागवला. त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कुठल्याशा बैठकीत ‘कतरन’चं नाव काढलं म्हणे. संचालकांचा प्रस्ताव असा: परत या, ‘कतरन’ संस्थेचं प्रकाशन करू, संपादक तुम्हीच, ग्रंथालयाची जुनी खोलीही परत. मला हे अपेक्षित नव्हतं. ती खोली. माझी खिडकी, माझी कपाटं. दोनशे सदतीस हे काही दोन हजार नव्हेत. पुढल्या वर्षी किती टिकतील, कुणाला ठाऊक? मी जवळजवळ हो म्हणणार होते.

मग ते म्हणाले, “बस एक बात. हर अंक मैं देखूँगा. और वह जो आपने गलती की पर्ची बाँटी, वैसा नहीं चलेगा. संस्था छापकर नहीं कहती कि उससे गलती हुई.”

मी विचारलं, मग चूक झाली तर काय करायचं? ते म्हणाले, पुढच्या अंकात बरोबर छापायचं, कुणाच्या लक्षात येत नाही.

मी राजीनाम्याचा कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. जिना उतरून खाली कठड्यावर बसले, भेळवाल्याकडून भेळ घेतली आणि सगळी खाल्ली.

श्रीरंगला कळलं तेव्हा तो म्हणाला, “बिल्कुल ठीक.” मग जरा वेळाने, “खोली बघून आलीस?” नाही बघितली. बघायला जायचं धैर्य नव्हतं.

२४ मार्च

गेल्या आठवड्यात पौलोसकडून एक पाकीट आलं. आत एक पान, मोडक्या हिंदीत. नव्या कामाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एका साच्याचं माप चुकवलं, का चुकवलं, किती पोलाद वाया गेलं, आता काय करतात, सगळं लिहिलेलं. खाली: “छाप दीजिए. नाम के साथ. आपने अपना छापा था.”

बावीस वर्षांत मी जे अभ्यास वाचले त्यांत एकाही कारखानदाराने आपली चूक नावानिशी सांगितलेली नाही. ‘एका प्रतिसादकाच्या मते’ असंच असायचं. मी ते पान चार वेळा वाचलं. लगेच निघालेल्या अंकात पहिल्या पानावर, त्यांच्या नावानिशी, सदर सुरू केलं, ‘हमारी भूल’. विठ्ठलराव म्हणाले, एक अंक चालेल, पुढे कोण पाठवणार? भौमिकनी काल पाठवली. दामूनेही. रबर जळाल्याची आणि ड्रॉइंग उलटं धरल्याची.

३१ मार्च, शुक्रवार

आज सकाळी दार वाजलं. लाला किशोरीलाल गर्ग, तीन मजले चढून, धापा टाकत, धोतराचा सोगा हातात. मागे मुनीमजी वही घेऊन. मी घाईने खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढे मोठे गृहस्थ आमच्या घरी कधी आलेले नाहीत. मला वाटलं, काहीतरी चुकीचं छापलं गेलं.

त्यांनी पाणी संपवलं आणि मुनीमजींना खाली जाऊन गाडीत बसायला सांगितलं. ते गेल्याची खात्री केली. मग म्हणाले, “लिखिए.”

मी कागद घेतला. लालाजी खिडकीकडे बघत सांगत गेले. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या बोल्टचा एक घाणा कच्चा निघाला. कारागिराने तेव्हाच सांगितलं होतं, परत भट्टीत घाला. यांनी ऐकलं नाही. माल गेला, परत आला, आणि यांनी सगळ्या बाजारात सांगितलं की चूक कारागिराची. तो माणूस शहर सोडून गेला. नाव विलास होतं, तुमच्याच तिकडचा, महाराष्ट्रातला. “उसकी गलती नहीं थी, बहनजी. मेरी थी. आज तक किसी को नहीं बताया, घर में भी नहीं.”

मी लिहिलं, वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सुचवली. मी ‘ध्यान नहीं दिया’ लिहिलं होतं. ते म्हणाले, “ध्यान दिया था. फिर भी भेजा. वही लिखिए.” तसं केलं. मग विचारलं, लालाजी, नाव घालायचं का? संघटनेचे अध्यक्ष आहात, नाव नसलं तरी चालेल.

ते उठले, काठी सावरली. म्हणाले, “पौलोस का नाम पहले पन्ने पर छपा था कि नहीं?”

छापलं होतं.

“तो मेरा भी वहीं. और अक्षर उतने ही बड़े. उससे छोटे नहीं चलेंगे.”